जूजू वॉटकिन्सच्या गुडघ्याचं काही कळलं का?

मीनल_एलए | २५ मार्च २०२५
मॅच आत्ताच संपली, आम्ही गॅलन सेंटरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलोय आणि लेक मला गाडी सुरू करू देत नाहीये, म्हणते आधी कळू दे मग निघू. फोनवर दर मिनिटाला तेच तेच बघून झालं, कुठेच काही नाही. इथे कोणी बास्केटबॉल बघणारं असेल आणि काही वाचलं असेल तर प्लीज सांगा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. जूजू वॉटकिन्स ही यूएससीची (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची) बास्केटबॉल खेळाडू, वय १९, इथल्याच, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातली. देशभरातली मोठमोठी कॉलेजं मागे लागली असताना घराजवळच्या यूएससीत राहिली. गेल्या वर्षी फ्रेशमन म्हणून ९२० पॉइंट केले, पहिल्या वर्षाच्या मुलीने एवढे आधी कधीच केले नव्हते. या वर्षी सरासरी २४ च्या आसपास. आमच्याकडच्या सगळ्या मुली तिच्यासारखा डोक्यावर उंच अंबाडा घालून खेळतात, माझी पण.

आज एनसीएएची, म्हणजे देशभरातल्या कॉलेजांच्या स्पर्धेची, दुसरी फेरी, समोर मिसिसिपी स्टेट. पहिल्या क्वार्टरमध्येच ती बॉल घेऊन सुसाट निघाली, दोघी आडव्या आल्या आणि उजवा पाय टेकताना गुडघा आत वळला. खाली पडली ती गुडघा धरूनच, आणि ओरडली. मग एवढी शांतता की मागच्या रांगेत कोणाच्या तरी हातातली चिप्सची पिशवी चुरचुरत होती ते मला ऐकू आलं. उचलून नेलं तिला. पाय टेकवतच नव्हती.

आम्ही जिंकलो, ९६-५९. किकी इरियाफेनने ३६ पॉइंट मारले, अंगात आल्यासारखी खेळली. पण लेकीने एकदाही टाळी वाजवली नाही.

बोरिवली लोकल | २५ मार्च २०२५
इथे सकाळी ट्रेनमध्ये मोबाईलवर क्लिप बघितली. तिला धक्का लागलेला क्लिअर दिसतोय. ऑफिशियल काही नाही अजून. काही आलं की टाकतो.

ट्रायँगल काका | २५ मार्च २०२५
मीनल, इकडे नॉर्थ कॅरोलिनात, रालेमध्ये मध्यरात्र उलटून गेलीये आणि मी पण जागाच आहे. आमच्याकडे बाराच दिवसांपूर्वी हेच झालं. १३ तारखेला शार्लटला जॉर्जिया टेकविरुद्ध आमच्या ड्यूक विद्यापीठाचा कूपर फ्लॅग घोटा धरून खाली बसला, त्याला व्हीलचेअरवरून नेताना पाहिलं आणि बायको म्हणाली तुमचं बीपी मोजू का. एक्स-रे चांगला निघाला, हाड शाबूत. त्याच्याशिवाय कॉन्फरन्सची, म्हणजे आमच्या गटातल्या कॉलेजांची स्पर्धा जिंकली आणि २१ ला तो परत कोर्टवर होता. तेव्हा धीर सोडू नका, कधी कधी दिसतं तेवढं नसतं.

फिजिओ_नाशिक | २५ मार्च २०२५
काका, घोटा मुरगळणं आणि गुडघा आत वळणं यात फरक आहे हो. मला आत्ता कोणाची आशा मोडायची नाही, पण क्लिप मी पण बघितली. पाय जमिनीत रोवलेला, गुडघा आत आणि वरचं अंग वळलेलं, हे चित्र आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात.

बाकी तिथल्या डॉक्टरांना बहुतेक आत्ताच अंदाज आला असणार. एमआरआय नंतर होतो, पण पडल्यावर लगेच नडगी हातात धरून पुढे ओढून बघतात, लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) शाबूत असेल तर ती एका ठिकाणी येऊन अडते, तुटलं असेल तर सरकत राहते. पहिल्या काही मिनिटांत हे सगळ्यात चांगलं कळतं, नंतर सूज येते, स्नायू आखडतात आणि पेशंट हात लावू देत नाही. म्हणजे बातमी यायला उशीर होतोय तो कळायला उशीर लागतोय म्हणून नाही. आधी तिला सांगायचं असतं, आईवडिलांना सांगायचं असतं, टीमला सांगायचं असतं. आपला नंबर शेवटचा.

मीनल_एलए | २५ मार्च २०२५
शेवटचं वाक्य लेकीला वाचून दाखवलं. म्हणाली मग ठीक आहे, घरी जाऊया.

बोरिवली लोकल | २५ मार्च २०२५
आलं. सीझन संपला. सर्जरी होणार असं विद्यापीठाने सांगितलंय. एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट, गेलंय असं बातम्यांमध्ये.

ट्रायँगल काका | २५ मार्च २०२५
अरेरे. शब्द नाहीत.

झेंडूचं फूल | २५ मार्च २०२५
मला बास्केटबॉलमधलं शून्य कळतं, धागा वर दिसला म्हणून आले आणि आता डोळ्यात पाणी घेऊन बसलेय. मीनल, लेक कशी आहे?

मीनल_एलए | २५ मार्च २०२५
गाडीत झोपली होती. घरी आल्यावर उठवून सांगायला लागलं, सकाळी शाळेत कळण्यापेक्षा बरं. काही बोलली नाही, अंबाडा सोडला आणि झोपायला गेली.

बोरिवली लोकल | २६ मार्च २०२५
मला एक गोष्ट खटकली. मिसिसिपीच्या मुलींच्या हातात बॉल आला की पब्लिक बू करत होतं, पूर्ण मॅचभर. एकीकडे म्हणतो मी की करायलाच पाहिजे, घरच्या पोरीला लागलंय. पण दुसरीकडे त्या पण कॉलेजच्याच मुली, मुद्दाम कोण कशाला करेल?

मीनल_एलए | २६ मार्च २०२५
हो, केलं लोकांनी. आमच्या पुढच्या रांगेतले एक आजोबा, आपले नाहीत, इथलेच, ते उठून मागे वळले आणि हातानेच थांबा थांबा करत होते. कोणी थांबलं नाही. मी पहिल्यांदा केलं हे कबूल करते. मग लेकीने माझ्या दंडाला हात लावला आणि मी थांबले.

चढाई | २६ मार्च २०२५
आमच्या कबड्डीत तर हे रोजचंच हाय. चढाईला गेला, मागनं मांडी धरली, समोरनं दोघांनी कवळी घातली, पाय तसाच रोवलेला, खटकन आवाज. ज्यानं पकड केली तो चार रात्री झोपत नाही ओ. माझ्याच हातनं एका पोराचा गुडघा गेला, गाव सांगत नाही. खेळात झालं, कुणी मला बोललं नाही, त्याची आई पण नाही. अजून दिवाळीला त्याच्या घरी फराळाला जातो. तो आता कोच हाय, पण खेळला नाही परत.

ऑरेंज सिटी | २६ मार्च २०२५
हे सगळं वाचून राहिली सकाळपासून, आता लिहितेच.

मी नागपूरची. शाळेपासून बास्केटबॉल खेळली, आमच्या नागपुरात पोरींना बास्केटबॉलची सवय आहे, सहा वाजता सायकली घेऊन ग्राउंडवर. सिमेंटचं कोर्ट, उन्हाळ्यात पाच नंतरही बुटाचा तळ गरम व्हायचा. अकरावीत असताना रीबाउंडला, म्हणजे रिंगवरून परत आलेला बॉल पकडायला, उडी मारली, उतरताना एका पायावर आली आणि आतून टक असा आवाज आला. कोणाला ऐकू गेला की नाही माहीत नाही, मला आला. सर आले, म्हणाले मुरगळलाय. घरी आईने आंबेहळदीचा लेप लावला, आठ दिवस पाय उशीवर. सूज उतरली, चालता आलं, सर म्हणाले आता पळ, स्पर्धा आहे.

पळाली मी. सरळ पळताना काही व्हायचं नाही. वळली की गुडघा निसटायचा. म्हणजे कसं सांगू, दाराची कडी सैल झाली की दार जसं उगाच हलतं तसं. दोन वर्षं मी त्याच गुडघ्यावर खेळली. लोक म्हणायचे भित्री झाली, आत घुसतच नाही आता. मला पण वाटायचं मीच भित्री झाली. मग एक दिवस कॉलेजच्या जिन्यात सपाट पडली तेव्हा एका मोठ्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला लावला. लिगामेंट तर गेलेलंच, त्या दोन वर्षांत आतली गादी पण फाटून गेलेली. ऑपरेशन केलं, पण खेळ तिथेच संपला.

म्हणून मला त्या मुलीचं वाईट वाटलं तरी एक बरं वाटलं बाप्पा. त्याच रात्री तिला कळलं की काय झालंय. कोणी तिला भित्री म्हणणार नाही.

झेंडूचं फूल | २६ मार्च २०२५
ताई. काय लिहू कळत नाही. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

फिजिओ_नाशिक | २६ मार्च २०२५
ताई, तुम्ही लिहिलंत ती गोष्ट माझ्याकडे महिन्यातून दोनदा तरी येते, आजही. शाळकरी मुली, बहुतेक कबड्डी, खो-खो नाहीतर हँडबॉलच्या. सगळ्यांचं एकच, "मुरगळलं होतं, मग बरं झालं होतं". सूज उतरणं म्हणजे लिगामेंट जुळणं नाही, एसीएल आपोआप जुळून येईल म्हणून बसून राहायचं नसतं. पाय वळवताना गुडघा निसटतोय असं मुलगी म्हणाली की तिला पळायला लावू नका एवढं जरी कोणी इथून वाचून गेलं तरी खूप.

आणि मुलींना हे मुलांपेक्षा दोन ते आठ पट जास्त होतं. कारणं बरीच सांगतात, खुब्याची रुंदी, हार्मोन्स, उडीवरून उतरण्याची पद्धत. पहिल्या दोनचं आपण काही करू शकत नाही, तिसऱ्याचं करू शकतो. उडीवरून उतरताना गुडघे एकमेकांकडे जाता कामा नयेत, वाकून मऊ उतरायचं, हे वॉर्मअपमध्ये रोज पंधरा मिनिटं शिकवलं तर दुखापती खरंच कमी होतात. ग्राउंडवर दोन चकरा मारल्या की वॉर्मअप झाला असं आपल्याकडे अजून समजतात.

मीनल_एलए | २६ मार्च २०२५
लेकीच्या कोचला उद्याच विचारते हे.

बोरिवली लोकल | २७ मार्च २०२५
सगळ्यांच्या भावना मान्य. पण मूळ प्रश्न राहिला, फॅन्सना कळायला नको का? ही कॉलेजची पोरं आता फुकट खेळत नाहीत. २०२१ पासून जाहिरातींचे पैसे घेता येतात, जूजूच्या तर मोठमोठ्या जाहिराती आहेत. तिकीट आपण काढतो, टीव्हीचे पैसे आपल्या खिशातून. मग कधी परत येणार, काय स्टेटस आहे एवढं सांगायला काय हरकत? प्रोफेशनलमध्ये सांगतातच ना.

झेंडूचं फूल | २७ मार्च २०२५
तिकीट तू खेळ बघायला काढलंस, तिचा एमआरआय बघायला नाही.

ट्रायँगल काका | २७ मार्च २०२५
बोरिवली, तुझा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण इथे एक भानगड आहे. २०१८ ला इथल्या सुप्रीम कोर्टाने राज्यांना सट्टा कायदेशीर करायची मोकळीक दिली, तेव्हापासून "फॅन" म्हणून विचारणारा प्रत्येक जण फॅन नसतो. कोणाचा घोटा दुखतोय या माहितीवर पैसे लागतात. वसतिगृहातल्या रूममेटला मेसेज येतात की बाबा तो आज लंगडत होता का. मग कॉलेजवाले तोंड उघडत नाहीत ते बरोबरच.

आणि एक जुनी आठवण, लांबेल, पण सांगतो. २०१३, इंडियानापोलिस, आमचं ड्यूक विरुद्ध लुईव्हिल. त्यांचा केव्हिन वेअर शॉट अडवायला उडी मारून उतरला आणि नडगीचं हाड मोडून बाहेर आलं. त्यांच्याच बाकासमोर. त्यांची पोरं जमिनीवर आडवी पडून रडत होती, कोच पिटिनो डोळे पुसत होता. मी ड्यूकवाला, आमची मॅच पुढे हातातून गेली, पण घरात कोणाला स्कोअरचं पडलेलं नव्हतं. त्या रात्री सगळ्या अमेरिकेला एकच जाणून घ्यायचं होतं, पोराचा पाय वाचेल ना. रात्रीच ऑपरेशन झालं. आठवड्याने तो कुबड्या घेऊन अटलांटाला बाकावर हजर. लुईव्हिल जिंकलं आणि जिंकल्यावर जाळी कापायची पद्धत असते ना, शिडीवर चढून, तर याला चढता येईना म्हणून त्यांनी अख्खी बास्केटच खाली आणली आणि त्याने उभ्या उभ्या जाळी कापली. पुढे दुसऱ्याच कुठल्या भानगडीत ते विजेतेपद रेकॉर्डमधून काढून टाकलं. पण ती खाली आणलेली बास्केट मी विसरलेलो नाही.

चढाई | २७ मार्च २०२५
काका नाद खुळा. बास्केट खाली आणली, काय माणसं म्हणायची.

कनेक्टिकटकर | १ एप्रिल २०२५
मी विरोधी पार्टी, यूकॉनवाला, म्हणजे कनेक्टिकट विद्यापीठाचा. काल स्पोकेनला आम्ही तुम्हाला हरवलं, ७८-६४, पेज बेकर्सचे ३१. मीनल, खरं सांगतो, जिंकून पूर्ण समाधान नाही झालं. जूजू असती तर काय मॅच झाली असती.

पण मी आलोय ते वेगळं सांगायला. आमची पेज २०२२ च्या ऑगस्टमध्ये एसीएल फाडून घेऊन पूर्ण वर्ष बाहेर बसली. त्याच्या आधीच्या सीझनला गुडघ्यालाच दुसरं काहीतरी झालं होतं. अॅझी फडचं तर शाळेत असताना एकदा आणि मग २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये परत, तोच गुडघा. आम्ही दोन-तीन वर्षं नुसत्या बातम्यांची वाट बघण्यात घालवली. आज सरावात दिसली म्हणे, आज गुडघ्याला ब्रेस (आधाराचा पट्टा) नव्हता म्हणे. आणि आता बघा दोघी कशा खेळतायत.

कनेक्टिकटकर | ७ एप्रिल २०२५
जिंकलो!! साउथ कॅरोलिनाला ८२-५९. आणि फायनल फोरची (शेवटच्या चार टीमच्या फेरीची) सर्वोत्तम खेळाडू कोण, अॅझी फड. दोनदा गुडघा गेलेली. मीनल, लेकीला दाखव.

मीनल_एलए | ७ एप्रिल २०२५
दाखवलं. अभिनंदन, मनापासून. आणि आमच्या जूजूला एपी वृत्तसंस्थेचा प्लेअर ऑफ द इयर मिळाला हो, तेही सांगून ठेवते.

झेंडूचं फूल | १९ जून २०२५
काही बातमी?

मीनल_एलए | १९ जून २०२५
नाही गं. कुठे काही छापून आलं की लेक आधी मलाच दाखवते. ती स्वतः उन्हाळी कॅम्पला जातेय, कोच उड्या मारून मऊ उतरायला शिकवतात, घरात सोफ्यावरून पण तसंच उतरते.

बोरिवली लोकल | २० जून २०२५
नऊ महिने धरले तर डिसेंबर होतो. म्हणजे नवीन वर्षात, कॉन्फरन्स सुरू होताना येईल असं माझं गणित.

फिजिओ_नाशिक | २० जून २०२५
दादा, एवढं कॅलेंडरवर नका धरू. नवीन लिगामेंट म्हणजे बहुतेक वेळा पेशंटच्याच शरीरातला दुसरीकडचा कंडरा काढून लावलेला असतो. तो बसवल्यावर लगेच पक्का होत नाही, उलट पहिले काही महिने तो आधी कमजोर होतो, मग त्यात नवीन रक्तवाहिन्या येतात, मग हळूहळू घट्ट होतो. गंमत म्हणजे याच काळात पेशंटला सगळ्यात बरं वाटत असतं, दुखत नाही, पळता येतं, आणि तेव्हाच पोरं ऐकत नाहीत. नऊ महिन्यांच्या आत खेळायला उतरलेल्यांचे गुडघे परत जाण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान ९० टक्के यायला लागते, मग उड्यांच्या टेस्ट. आणि हे सगळं झालं तरी जिथे पडली तिथे परत गर्दीत घुसायचं, ते डोक्यात यायला वेगळा वेळ.

ऑरेंज सिटी | २१ जून २०२५
डोक्याचं खरं आहे. ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली होती, लग्नात भाची म्हणाली मावशी उडी मार नं, अंतरपाटाच्या वर उडी मारून नवरदेव पाहायचा होता तिला, मी आधी जमीन पाहिली.

मीनल_एलए | २९ सप्टेंबर २०२५
आली बातमी. जूजू स्वतःच बोललीये, २०२५-२६ चा सीझन ती खेळणार नाही. पूर्ण वर्ष बरं होण्यासाठी घेतेय.

बोरिवली लोकल | २९ सप्टेंबर २०२५
माझं गणित चुकलं. आणि खरं सांगू का, वाचल्यावर वाईट वाटायच्या ऐवजी हायसं वाटलं. ऑरेंज सिटी ताईंची पोस्ट आठवली. कोणी तिला पळ म्हणालं नाही.

फिजिओ_नाशिक | २९ सप्टेंबर २०२५
शहाणी मुलगी आहे. आजूबाजूची माणसं पण शहाणी आहेत.

ट्रायँगल काका | २९ सप्टेंबर २०२५
यूएससीची चेरिल मिलर आठवते का कोणाला? १९८३ आणि ८४ ची दोन्ही विजेतेपदं तिच्या टीमची. तिचं खेळणं गुडघ्यानेच संपलं. तेव्हा हे सगळं शास्त्र कुठे होतं एवढं. जूजूला वर्ष आहे हातात, घेऊ दे.

ऑरेंज सिटी | २९ सप्टेंबर २०२५
काका, आजच्यापुरतं मी खूश आहे.

झेंडूचं फूल | २९ सप्टेंबर २०२५
मीनल, लेक काय म्हणाली? मला त्याचंच जास्त पडलंय.

मीनल_एलए | ३० सप्टेंबर २०२५
शाळेतून आली तेव्हा सांगितलं. दप्तर खाली ठेवलं, विचारलं, "पण बाकावर बसेल ना ती? टीमबरोबर?" म्हटलं बसेल बहुतेक. मग म्हणाली तिकीटं काढ. मार्चमध्ये पार्किंगमध्ये बसून तिने एक कार्ड केलं होतं, माझ्या पर्समधल्या बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, १२ नंबरची जर्सी काढलेली, खाली मराठीत "लवकर बरी हो". सहा महिने माझ्याच पर्समध्ये फिरतंय ते. काल "लवकर" वर रेघ मारली तिने.

तिकीटं कुठली काढू? बाकाच्या मागची बरी ना, म्हणजे जवळून दिसेल?

कनेक्टिकटकर | ३० सप्टेंबर २०२५
मागची नको. आम्ही पेजच्या वर्षी तीच चूक केली, पूर्ण सीझन पाठमोरी बघितली. बाकाच्या समोरची काढ, थोडी वरची चालेल. टाइमआउट झाला की सगळ्या उभ्या राहतात, तेव्हा चेहरा दिसतो.